मोठ्या वहिनी आणि रॅमची पट्टी

मोठ्या वहिनी नव्या माणसाला त्याचं नाव कधी विचारत नसत. त्याच्या चुलत्याचं विचारत. "तुमचे मोठे चुलते कोण?" एवढं कळलं की पुढचं घर त्या स्वतःच बांधत नेत. मग ते विहिरीवरचे का, त्यांच्या धाकट्याला जाफराबादची केली ना, ती आता बरी असते का. समोरचा माणूस गोंधळून त्यांच्याकडे बघत राही आणि वहिनी पदराने चष्मा पुसत बसत. भोकरदनच्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना मोठ्या वहिनी म्हणत. मी त्यांचा खरा दीर. त्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, बायको.

वहिनींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या खोटं बोलून, दिलेला शब्द मोडून मुलाकडे पुण्याला गेल्या, असं गल्लीत अजून कुणी कुणी म्हणतं. ते खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि ते सांगायचं तर वहिनी कशा होत्या तेही सांगावं लागेल.

दादा शाळेत शिक्षक होता. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना तो गेला. घर आमचं एकच, पण दारं दोन. पुढच्या अंगाला दादाचं बिऱ्हाड, मागच्या अंगाला माझं. एकुलता एक मुलगा सुनील नोकरीला पुण्याला होता. वहिनी पुढच्या खोल्यांत एकट्या राहत, पण त्यांना एकटं बसलेलं मी क्वचितच पाहिलं. कारण त्यांच्याकडे लग्नपत्रिकेची माणसं यायची.

आमच्या भागात पत्रिकेतली नवरा-नवरीची नावं हा सोपा भाग. खाली निमंत्रक येतात, मग स्नेहांकित, मग कार्यवाहक, मग मामेकुळी, मग लहान पोरांची नावं. प्रत्येक रांगेत थोरला आधी, धाकटा नंतर. चुलत्याच्या आधी पुतण्याचं नाव आलं तर चुलता हळदीला येत नाही. नाव सुटलंच तर ते घर पुढच्या पिढीपर्यंत येत नाही. म्हणून लोक प्रेसमध्ये जाण्याआधी वहिनींकडे येऊन रांगा लावून घेत. वहिनींचं माहेर जाफराबादचं, सासर भोकरदनचं, आणि दादाच्या बदल्यांमुळे मधली कितीतरी गावं त्यांच्या पायाखालची. "आधी मोठं कोण ते सांगा, मंग रुसून बसा," असं त्या भल्या भल्या पागोटेवाल्यांना ऐकवत आणि ते हसून सांगत.

मग कॉम्प्युटर आला. सुनीलने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना प्रिंटरसकट गोधडीत गुंडाळून एसटीने आणला. आईचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हेतू होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्यांना मराठी टायपिंग दाखवलं. तो परत गेला तेव्हा वहिनींना स्वतःचं नाव काढायला सकाळ पुरत नव्हती. वर्षभराने गावातला प्रेसवाला आपली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे धाडू लागला. वहिनी सगळी पत्रिका जुळवून बटर पेपरवर तिची प्रिंट काढून देत, आणि तो ती नेऊन छापे. वहिनी कॉम्प्युटरला डबा म्हणत. लाडाने नव्हे, तो दिसायचाच तसा.

काम करायची त्यांची एक पद्धत होती. लग्नघरची माणसं सतरंजीवर बसत, वहिनी खुर्चीवर. एकेक नाव मोठ्याने म्हणत त्या ते टाइप करत, म्हणजे चुकलं तर कुणीतरी तिथंच ओरडावं. दोन पत्रिका त्यांनी कायमच्या तयार ठेवल्या होत्या. एकीवर वर गणपती, दुसरीवर बुद्धाचं चित्र आणि खाली 'मंगल परिणय'. एकदा बौद्ध वस्तीतले एक शिक्षक मुलीची पत्रिका घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, आमच्यात एवढं मोठ्या-धाकट्याचं न्हाई बरं का." वहिनी म्हणाल्या, "बरं, मंग तुमच्या थोरल्या भावाचं नाव खाली टाकते." ते लगेच म्हणाले, "राहू द्या वरच." वहिनी म्हणाल्या, "गणपती आसू का नसू, चुलते सगळीकडं सारखेच."

डबा संथ होता. पानावर चित्र असलं आणि नावं वाढत गेली की पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसे आणि हलता हलत नसे. दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. वहिनी पाय वर घेऊन बसत. "डबा इचार करून राह्यला," म्हणत, "तवर तुम्ही बी करा." आणि लोक खरंच करत. पिंपळगाव रेणुकाईचे एकजण आले होते. त्यांचं थोरल्या भावाशी बांधावरून बोलणं बंद होतं आणि त्याचं नाव घालायचं नाही असं ठरवूनच ते आले होते. घड्याळ आलं. वहिनींनी विचारलं, "ल्हानपणी जत्रंत तुमाला खांद्यावर कुणी घेतल्तं?" माणूस टोपी नीट करू लागला. त्याची बायको म्हणाली, "थोरल्यानंच घेतल्तं, मला सासूबाईंनी सांगितलंय." वहिनी म्हणाल्या, "हे बघा, नाव बारीक करा, पर गाळू नका." घड्याळ जायच्या आत तो माणूस भिंतीकडे बघत "घाला" म्हणाला. वहिनींनी नाव बारीक केलं नाही. त्याने ते पाहिलं आणि पुढचं नाव सांगितलं.

या सगळ्यात त्यांच्या शेजारी बसलेली असायची ती सुमन. समोरच्या घरातली, ब्लाउज शिवायची. दुपारी मशीन बंद करून ती वहिनींकडे येई आणि कच्च्या कागदावरची नावं एकेक वाचून दाखवी. वयाने वहिनींपेक्षा बरीच लहान, पण तोंडाला तोंड देणारी. "वहिनी, माणसं एवढी झाली, आता नवरा-नवरीला जागाच न्हाई उरली," ती म्हणे. "त्यांला कोण इचारतंय," वहिनी म्हणत, "लगीन तर चुलत्यांचंच असतंय." दोघी एका कपबशीत चहा घेत. कप सुमनला, बशी वहिनींना.

मग पत्रिकेवर नवरा-नवरीचा फोटो छापायची पद्धत आली. एकाने केली की दुसऱ्याला हवी. फोटो घातला की डबा नुसता विचार करत नसे, बंदच पडे. एका दुपारी अख्खं कुटुंब समोर बसलेलं असताना सगळी नावं जुळवून झाली, फोटो टाकला आणि पडदा काळा झाला. चालू केल्यावर पत्रिका कोरी. वहिनींनी चष्मा पुसला. पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. ती माणसं गेल्यावर मात्र म्हणाल्या, "ह्याचं काहीतरी करावं लागंल."

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. डब्याची मेमरी वाढवायची की नाही. प्रेसवाला म्हणाला, जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, नवाच घ्या. सुनील फोनवर म्हणाला, "आई, तो टाकून दे आता. आणि तूही चल इकडे." वहिनी म्हणाल्या, "डबा चांगलाय. ध्यानात राह्यना त्याच्या, एवढंच. माझ्या बी राह्यना आताशा, मंग मला टाकून देता का?" मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, बघू. सुमन मात्र ठाम होती. तिच्या मुलीचं, रेखाचं, लग्न ठरलं होतं, फाल्गुनात. पोरीला फोटोची पत्रिका हवी होती. "दुसऱ्याच्या पोरींच्या केल्या आन् माझ्या रेखाच्या वक्ती डबा झोपला तर मी बोलणार न्हाई तुमच्याशी," सुमन म्हणाली. वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. "रेखाची पत्रिका मीच करणार. फोटोसगट. आन् तुझ्या सासरची सगळी भावकी रांगंनं बसवणार."

असं ठरलं. मेमरी म्हणजे रॅमची एक बोटभर पट्टी असते, ती डब्यात आत बसवायची, एवढं सुनीलने फोनवर सांगितलं होतं. जालन्याला जाऊन ती आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाजार समितीतून निवृत्त होऊन मोकळा होतो. कोणत्या जातीची पट्टी लागते हे कुणालाच कळत नव्हतं. सुमन म्हणाली, "त्यात काय, मापाचा ब्लाउज नेतो तशी जुनीच न्या नमुन्याला." वहिनींनी डब्याचे स्क्रू काढले, जुनी पट्टी उपसली आणि सुमनच्या अस्तराच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिली.

निघायच्या आदल्या दिवशी सुनीलचा मला फोन आला. पावसाळ्यात वहिनी न्हाणीत घसरल्या होत्या, हाताला प्लास्टर घालावं लागलं होतं. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. "काका, आता नुसता हात गेला. उद्या कंबर मोडली तर? तो डबा चालतो तोवर ती यायची नाही. तुम्ही फक्त मिळत नाही म्हणा." मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

जालन्यात दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानदाराने अस्तराचा तुकडा सोडला, पट्टी उलटसुलट पाहिली आणि मागच्या खोक्यातून तसलीच एक काढून काउंटरवर ठेवली. "हीच. ह्याच्या शेजारी दुसरी खाच रिकामी असंल, तिच्यात बराबर बसती. बसवली की मशीन पळंल." मी ती हातात घेतली. हलकी होती. किंमत विचारली, तीही फार नव्हती. ती परत ठेवून मी म्हणालो, नंतर येतो. स्टँडवर चहा घेतला आणि भोकरदनची बस धरली.

घरी दोघी वाट बघत बसल्या होत्या. "मिळाली?" वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, "न्हाई. लई जुनी झाली म्हणे. कंपनीनं काढायचंच बंद केलं." सुमन म्हणाली, "आता गं बाई." वहिनींनी जुनी पट्टी अस्तरातून काढली, डब्यात जागेवर बसवली आणि एकेक स्क्रू आवळला. "मंग काय करता," त्या म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी डबा सुरू केला नाही.

मी असं का केलं ते नीट सांगायला हवं. सुनीलची काळजी खरी होती आणि मलाही त्या पडतील याची भीती होती. पण तेवढंच नव्हतं. दिवसभर अंगणात माणसं, आमच्या दारापर्यंत चपला, चहा माझ्या बायकोच्या हातचा, आणि बटर पेपर आणा, प्रेसवाल्याला निरोप द्या, ही धावपळ माझी. निवृत्त झाल्यावर मला घर शांत हवं होतं. सुनीलने मागितलं ते मलाही हवंच होतं. त्याला मी दोष देत नाही. मागणं त्याचं होतं, देणं माझं.

दिवाळीला सुनील आला आणि वहिनी त्याच्याबरोबर पुण्याला गेल्या. फोटो न घेणाऱ्या डब्याकडे आता कोण येणार, मग इथं काय करायचं, हा प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारला असणार. जाताना सुमनला जवळ घेऊन म्हणाल्या, "रेखाचं काम ऱ्हायलं गं. पट्टीच मिळंना त्याला काय करू." सुमनने डोळे पुसले आणि त्यांची पिशवी स्टँडपर्यंत उचलली.

पुढे स्टँडजवळ कॉम्प्युटरचं नवं दुकान निघालं. सुमनने रेखाची पत्रिका तिथं करायला दिली. बोलता बोलता वहिनींच्या डब्याची गोष्ट निघाली तेव्हा दुकानातला पोरगा हसला. म्हणाला, "मावशी, असल्या पट्ट्या किती बी मिळत्यात." पत्रिका सुंदर झाली, फोटो झकास आला, आणि सुमनच्या नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावाचं नाव सुटलं. त्या घरातून लग्नाला कुणी आलं नाही. सुमनचा नवरा मांडवात दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होता, ते मी पाहिलं आहे.

सुमनने सगळा राग वहिनींवर काढला. "लेकाकडं जायचंय म्हणायचं ना सरळ. खोटं कशाला बोलायचं? पट्टी मिळत न्हाई म्हणं." हे ती नळावर बोलली, पिठाच्या गिरणीत बोलली, आमच्या दारात उभी राहूनही बोलली. मी आत पेपर वाचत होतो. बायको माझ्याकडे बघत होती, तिला काही माहीत नव्हतं तरी. मी पान उलटलं. रेखाच्या लग्नाची पत्रिका पुण्याला गेली नाही.

लग्नानंतर, उन्हाळा तापायच्या आत मी पुण्याला गेलो. वहिनी बऱ्या होत्या, उगाच वाईट सांगणार नाही. सून चांगली, नातवंडं लळा लावणारी. सोसायटीच्या बागेत बाकावर बसून त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "भावजी, हितं कुणालाच चुलते न्हाईत. दारावर नुसतं आडनाव. मी इचारायला गेले तर पोरगी म्हणती, आजी, कशाला पायजे?" आम्ही हसलो. वहिनींनी पुढची शेंग फोडली. मग मान वर न करता म्हणाल्या,

"खाली कॉर्नरला एक कॉम्प्युटरवाला हाय. त्याला इचारलं मी. ती पट्टी मिळती म्हणे अजून."

मी बाकाखाली घरंगळलेला एक वाटाणा उचलला.

"जालन्यात मिळाली नसंल," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते असं म्हटलं की मला हवं ते उत्तर देता यावं. मी म्हणालो, "न्हाई मिळाली."

त्यांनी मान हलवली. "सुमनला कुणीतरी सांगितलं. फोनवर लई बोलली मला. मी म्हणलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली आसंल. तिला ते पटलं न्हाई. कसं पटंल, ती तर शेजारीच बसल्ती तवा."

माझं नाव का नाही सांगितलं, हे मला विचारायचं होतं. पण ते विचारणं म्हणजे कबूल करणं झालं असतं. त्यांनी वाटाण्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. "घ्या, सोला. नुसतं बसून ऱ्हाऊ नका."

त्यानंतर आम्ही कितीदा तरी भेटलो. दिवाळीला, नातवाच्या वाढदिवसाला, दवाखान्यात. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर मी काय म्हणालो असतो, सांगता येत नाही. बहुधा तेच.

वहिनी वारल्या त्या पुण्यातच. तेरावं मात्र सुनीलने भोकरदनला, जुन्या घरात केलं. जाफराबादहून माणसं आली, पिंपळगावचे ते दोघे भाऊ एकाच जीपमधून उतरले. ते बौद्ध वस्तीतले शिक्षक काठी टेकत आले आणि शेवटपर्यंत थांबले. गल्लीतली जवळजवळ सगळी घरं जेवून गेली. समोरचं दार बंद होतं. कुणीतरी म्हणालं, सुमन गावाला गेली असेल. मला माहीत होतं की ती घरात आहे.

तेव्हापासून समोरासमोर राहून आम्ही दोघं म्हातारे झालो. तिचा नवरा गेला, माझी बायको गेली. मागच्या आठवड्यात मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती गहू निवडत होती. मी म्हणालो, "सुमन, वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. पट्टी मिळत होती. मी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. मिळत नाही म्हणून त्यांना मीच सांगितलं. तू समोरच बसली होतीस."

तिचा हात सुपात थांबला.

"वहिनींना ठावं होतं?"

"तेव्हा नाही. पुण्यात गेल्यावर कळलं."

"आन् तरी मला म्हणल्या, माझ्याच ऐकण्यात चूक झाली." तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ, मी त्यांच्या तेराव्याला आले न्हाई. दार लावून आत बसल्ते. खिडकीतून पंगत दिसत होती मला. वाढणाऱ्यांची धांदल चालल्ती, वाटलं उठावं आन् जावं. न्हाई उठले."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "तू घरात होतीस ते."

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मंग तवाच यायचं ना सांगायला," ती म्हणाली. "गल्लीच तर वलांडायची होती."